ऐंशीचं कापरं

आमच्या गाडीला ताशी ऐंशीच्या वेगाला कापरं भरतं. सत्तरला नाही, शंभरच्या जवळ गेलं तर तिथंही नाही, मधल्या टापूतच. स्टेअरिंग हातात थरथरतं आणि मागचा एक ट्रक आरशात दोन दिसतो. वस्तुस्थिती एवढीच आहे. ती आधीच सांगून ठेवते, कारण नंतर इतक्या माणसांनी इतकी मतं दिली, की वस्तुस्थिती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

वस्तुस्थितीशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. मी वजनं तपासते. दुकानांत, दवाखान्यांत, कारखान्यांत वापरायची वजनं आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि ती खरी की खोटी हे मी सांगते. वजनाला नुसतं बोट लागलं तरी बोटाच्या तेलकटपणानं ते जास्त भरतं, म्हणून आम्ही ते चिमट्यानं उचलतो. असं काम वर्षानुवर्षं केलं, की 'असेल', 'साधारण', 'जवळपास' हे शब्द तोंडातून निघेनासे होतात. घरातल्यांना याचा त्रास होतो. "भात झाला का?" असं कुणी विचारलं, तर मी "बघून सांगते" म्हणते, आणि खरंच बघून सांगते.

कापऱ्यावर माझ्या नवऱ्याचा उपाय सोपा होता.

"ऐंशीनं जाऊच नको."

"पण ऐंशीला काय होतं ते शोधायला नको का?"

"कशाला? सत्तरनं जा. पाच मिनिटं उशिरा पोचशील."

पाय मुरगळलेल्या माणसाला 'चालूच नका' म्हणणारे डॉक्टर असतात, त्यातला हा प्रकार. मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे विषय संपला, असं त्याला लग्नापासून वाटत आलं आहे.

मग एका संध्याकाळी जेवता जेवता त्यानं जाहीर केलं, की गाडी भावजींना द्यायची ठरली आहे. भावजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. त्यांच्या मुलीला गाडी शिकायची होती. "नव्या गाडीवर शिकवली तर ठोकेल," असं ते म्हणाले होते, "तुमची चालेल." आमची गाडी ठोकण्याच्या लायकीची आहे, हे त्यांनी फोनवरून, न बघता ठरवलं होतं. तिच्या जागी आम्ही एक मोठी गाडी विकत घेणार होतो. तिला गिअर नसतात आणि ती आपली आपण उभी राहते. ती माझा नवरा चालवणार होता.

ही गाडी मी चालवते. चाळिशी उलटल्यावर शिकले आणि हिच्यावरच शिकले. रोज सकाळी हिच्यातून कामावर जाते. त्या तेवढ्या वेळात मला कुणी काही विचारत नाही, आणि मी कुणाला काही बघून सांगत नाही. दर बुधवारी सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे सोडते आणि परत आणते. हे मी जेवणाच्या ताटावर बोलले नाही. मी एवढंच विचारलं, "गाडी द्यायचं कारण काय?"

"अगं, थरथरते ती."

"आणि थरथर थांबली तर?"

"थांबणार नाही."

"थांबली तर?"

तो हसला. "थांबली तर ठेव तुझी गाडी. आईसमोर सांगतो."

सासूबाई भात कालवत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "ऐकलं मी," एवढंच म्हणाल्या.

थरथर कशानं होते याचा अंदाज मला होता. पण सोसायटीत अंदाजाला वाव मिळायला सगळ्यांचे अंदाज आधी ऐकून घ्यावे लागतात. मी पार्किंगमध्ये चाकाशेजारी उकिडवी बसले, एवढ्यावर लोक जमा झाले. समोरच्या फ्लॅटमधले काका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले आहेत. प्रत्येक दुखण्याच्या मुळाशी दाब असतो, असं त्यांचं मत आहे.

"हवा बघा चाकातली," ते म्हणाले. "दाब कमी पडला, की सगळंच थरथरतं. नळ काय, चाक काय."

"बघितली काका. बरोबर आहे."

"मग जास्त झाली असेल."

"बरोबर आहे म्हणजे जास्तही नाही."

काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनी जास्त व्यवहारी निघाल्या. "स्टेअरिंगला लोकरीचं कव्हर घाला," त्या म्हणाल्या. "मी घातलंय. थरथर होते, पण हाताला लागत नाही." आजार बरा करण्याऐवजी रोग्याला बधिर करण्याचा हा उपाय मला नवा होता. सोसायटीचे सेक्रेटरी लांबून बघत होते. ते म्हणाले, दोष गाडीत नसून रस्त्यात आहे, आणि तो रस्ता सोसायटीच्या हद्दीत येत नाही.

रात्रीच्या जेवणानंतर सासूबाईंनी विचारलं, "झालंय तरी काय त्या गाडीला?"

मी त्यांना बाथरूममधल्या वॉशिंग मशीनजवळ नेलं. "आई, मागं मोठी चादर धुतली होती, ते आठवतं? पिळताना चादरीचा गोळा एका बाजूला गेला आणि मशीन दारापर्यंत चालत आलं."

"माझ्या पायावर आलं होतं."

"चाकाचं तेच झालंय. चाक सगळीकडून सारखं जड असायला हवं. एका बाजूला वीस ग्रॅम जरी जास्त झाले, तरी ऐंशीच्या वेगाला ते वीस ग्रॅम दोन किलोच्या जोरानं ओढतात. सेकंदाला बारा-तेरा वेळा. एकदा वर, एकदा खाली."

"वीस ग्रॅम म्हणजे किती?"

"दोन मोठे चमचे साखर."

सासूबाईंनी मशीनच्या झाकणावर हात ठेवला. "मग जिथं हलकं आहे, तिथं दोन चमचे लावायचे. झालं."

मला हे समजायला महाविद्यालयात जावं लागलं होतं. "त्यालाच बॅलन्सिंग म्हणतात," मी म्हणाले. "रिमला शिशाचे छोटे तुकडे चिकटवतात. पुढच्या चाकांचं महत्त्वाचं, कारण त्यांचा हिसका थेट स्टेअरिंगला बसतो."

"कळलं," त्या म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथं वातानुकूलित खोली, तीन प्रकारची मासिकं आणि एक अत्यंत नम्र मुलगी होती. तिनं कम्प्युटरमध्ये बराच वेळ बघितलं.

"मॅडम, तुमची गाडी आमच्याकडे नाही."

"बाहेर उभी आहे."

"हो, पण सिस्टिममध्ये नाही. हे मॉडेल बंद झालंय."

"चाकं गोल आहेत. इतर गाड्यांची असतात तशीच."

"हो मॅडम. पण मॉडेल घातल्याशिवाय काम उघडत नाही." तिनं विचार केला. "दुसरं एखादं मॉडेल घालू का? पण मग त्या मॉडेलची सर्व्हिसिंग राहिलेली दिसेल, आणि ती आधी करावी लागेल."

म्हणजे जी गाडी माझ्याकडे नाही, तिची सर्व्हिसिंग झाल्यावर, जी आहे तिची चाकं बघणार. मी आभार मानून बाहेर पडले. दारात एकानं मला अभिप्राय विचारला. मी तो सविस्तर दिला. त्यानं हसऱ्या चेहऱ्याचं बटण दाबलं, कारण दुसरं चालत नव्हतं.

हमरस्त्याच्या तोंडाशी एक टायरवाला आहे. त्याच्याकडे बॅलन्सिंगचं मशीन आहे, आणि त्या मशीनविषयी तो एखाद्या हुशार नातवाविषयी बोलावं तसा बोलतो. दुकानापुढे जुन्या टायरांची उतरंड आहे आणि वरच्या टायरात तो बसतो.

"सगळं दिसतं हिला," तो मशीनला थोपटून म्हणाला. "तुम्ही फक्त चाक द्या. चाकाच्या मनात काय आहे तेसुद्धा सांगेल."

"रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळलाय," मी म्हणाले. "आधी तो काढायला हवा ना?"

"चिखल कुणाचाय? तुमच्याच गाडीचा ना? मग तो धरून बॅलन्स करतो. मशीन कुणाशी भेदभाव करत नाही."

मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. पण त्याच्या आवाजात जो आत्मविश्वास होता तो मी आमच्या संचालकांच्या आवाजातही ऐकलेला नाही. त्यानं एकेक चाक मशीनवर चढवलं, फिरवलं, आकडे पाहिले आणि शिशाचे तुकडे रिमला चिकटवले. काही आतून, काही बाहेरून. मी परत येताना हमरस्त्यावर ऐंशी गाठले. स्टेअरिंग स्थिर होतं, आरशात एक ट्रक म्हणजे एकच ट्रक होता. लोक देवळातून बाहेर येताना जसे दिसतात, तशी मी दिसत असावी.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "बघू," आणि शनिवारी सकाळीच मला न सांगता गाडी धुवायला घेऊन गेला. हेतू वाईट नव्हता. भावजी बघायला येतील तेव्हा गाडी चकचकीत दिसावी, एवढंच त्याच्या मनात होतं. माणूस द्यायच्या वस्तूवर ठेवायच्या वस्तूपेक्षा जास्त प्रेम करतो. त्यानं गाडी उंच चढवून खालून जोराच्या फवाऱ्यानं धुऊन घेतली. परत येताना ऐंशीला घेऊन बघितली आणि दारातूनच म्हणाला, "थरथरतेय. पहिल्यापेक्षा जास्त. सॉरी हं."

तो मनापासून सॉरी म्हणाला, हे जास्त लागलं.

मी खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात चाकं तपासली. एका चाकाच्या आतला चिखल संपूर्ण गेला होता, दुसऱ्याचा अर्धा गेला होता आणि टायरवाल्यानं त्या चिखलाचा तोल सांभाळायला लावलेलं शिसं मात्र जागच्या जागी होतं. चादर काढून घेतली आणि तिच्या तोलाला ठेवलेला दगड मशीनमध्येच राहिला, असं काहीसं. मला खरं तर बरं वाटलं. कारण सापडलेला बिघाड हा निम्मा मित्र असतो.

आता एकच मार्ग होता. चारही चाकं काढून, आतूनबाहेरून कोरडी ठणठणीत स्वच्छ करायची आणि मग पुन्हा टायरवाला. मी जॅक लावला आणि सेक्रेटरी प्रकट झाले.

"चाक काढताय?"

"हो."

"काढता येणार नाही. नादुरुस्त वाहन पार्किंगमध्ये ठेवायचं नाही असा ठराव आहे."

"मी दुरुस्तच करतेय."

"दुरुस्त होईपर्यंत ते नादुरुस्तच की," ते म्हणाले. "तीन चाकांची गाडी बघून उद्या कुणी भंगार आणून ठेवलं, तर मी काय उत्तर देऊ?"

या युक्तिवादात दोष नव्हता. मी डिकी उघडून जादा चाक काढलं. पुढचं डावं चाक सोडवलं आणि त्या जागी लगेच जादा चाक बसवलं. "मोजा," मी म्हणाले. सेक्रेटरींनी गाडीभोवती फिरून चाकं मोजली. चार भरली. ते गेले मात्र नाहीत.

काढलेलं चाक मी घरंगळत लिफ्टपर्यंत नेलं. ते खालच्या नळावर धुता येण्यासारखं नव्हतं, कारण पार्किंगच्या नळाविषयी निराळा ठराव आहे. लिफ्टमध्ये बँकवाल्या वहिनी होत्या. त्या चाकाकडे बघत बाजूला सरकल्या, जसं कुणी म्हाताऱ्या माणसासाठी सरकावं, आणि त्यांच्या मजल्यावर उतरताना हळूच म्हणाल्या, "कव्हर घालून बघितलंत का?"

चाक बाथरूममध्ये वॉशिंग मशीनला टेकवून ठेवलं. वाटलं, दोघांना एकमेकांचं दुःख कळेल. सासूबाई पदर खोचून आल्या. त्यांच्या हातात तारेची घासणी आणि जुना टूथब्रश होता. "तू खाली जा, पुढचं काढ," त्या म्हणाल्या. "हे मी बघते. तुला घासता येत नाही. तुझी पातेली मी बघितली आहेत."

ते खरं आहे. मी खाली-वर करत राहिले. एक चाक वर, एक चाक खाली, आणि सेक्रेटरी प्रत्येक फेरीला चार मोजत. सगळं आवरून मी शेवटचं चाक बघायला गेले, तर ते आरशासारखं झालं होतं. इतकं, की मला काहीतरी खटकलं.

"आई, याच्यावर तुकडे होते ना? चपटे, राखाडी?"

"ते होय," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "काय चिवट चिकटले होते. चारही चाकांचे उलथन्यानं काढले. तुझ्या टायरवाल्याला स्वच्छतेचं काही आहे की नाही?"

बाथरूमच्या खिडकीत शिशाचे तुकडे ओळीनं वाळत घातले होते.

मी टबावर बसले. माझा चेहरा बघून सासूबाईंनी उलथनं मागं लपवलं. मग मी सांगितलं, की त्या दिवशी म्हटलेले दोन चमचे ते हेच.

त्यांनी एक तुकडा उचलून तळहातावर तोलला. "एवढासा तुकडा?"

"एवढासाच."

"आणि हा काढला, की पुन्हा मशीन चालायला लागणार."

"हो."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय.

टायरवाल्याला मात्र ते वैयक्तिक वाटलं. "मी लावलेलं शिसं कुणी काढलं?"

"घरात स्वच्छता झाली."

"चाकं घरात नेली होती?"

"हो."

तो टायरांच्या उतरंडीवरून खाली उतरला. लोक घरात काय काय नेतात याची त्याला कल्पना होती, पण हे तिच्यात नव्हतं. मी त्याला सांगितलं, की आता चाकं स्वच्छ आहेत, आणि या वेळी एकेक चाक एकदा मोजून झालं की मशीनवरून काढायचं, अर्धं फिरवून पुन्हा चढवायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळेला आकडा तोच आला, तर चाकाचा दोष. बदलला, तर मशीनचा.

"मशीनचा?" तो म्हणाला. नातवाला कुणी चोर म्हटल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "बाई, चाक आहे. सोनं तोलताय का?"

"फिरवा."

त्यानं फिरवलं. पहिल्या चाकाला आकडा बदलला. त्यानं घसा खाकरला, मशीनचा दांडा फडक्यानं पुसला आणि नवऱ्यामुलाकडच्या माणसासारखं कुणीकडेच न बघता म्हणाला, "धूळ होती." मग चारही चाकं दोन-दोनदा झाली. दुकानासमोर गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. एका रिक्षावाल्यानं विचारलं, की या बाईंची चाकं विमानाला लावायची आहेत का. मी हलले नाही. जगात फार कमी गोष्टी शून्यावर आणता येतात. ज्या येतात, त्या अर्ध्यावर सोडू नयेत.

संध्याकाळी नवऱ्याला घेऊन हमरस्त्यावर गेले. गाडी त्यानं चालवली. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. त्यानं एक हात सोडला, मग दुसराही क्षणभर उचलला. स्टेअरिंग शांत होतं.

"थांबली," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. गाडी राहील."

माझ्या नवऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मी आधीही सांगितलं आहे. त्याचा दोष एवढाच, की त्याला आनंद झाला की तो फोन करतो. त्याच संध्याकाळी त्यानं भावजींना फोन करून सांगितलं, की बायकोनं गाडी कशी नव्यासारखी केली, चाकं घरात नेऊन कशी धुतली, ऐंशीला कशी लोण्यासारखी जाते. भावजी ऐकत होते. दुसऱ्याच दिवशी, रविवारी ते एकटेच, पिशवीभर फळं घेऊन हजर झाले.

"वहिनी, मानलं तुम्हाला," ते बूट काढता काढता म्हणाले. "मी आजच घेऊन जातो गाडी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो फळं बघत होता.

"भावजी, ते... आमचं जरा असं ठरलं होतं, की थांबली तर ठेवायची," तो म्हणाला.

"अरे, पण मला दिली म्हणून सांगितलंस. पोरीला सांगून बसलो. आणि मी थरथरती घ्यायला तयार होतो. आता चांगली झाली तर तुम्ही मागं सरता? हे बरं दिसतं का?" मग ते सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्हीच सांगा."

"मी काय सांगणार, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं." आणि कचऱ्याची पिशवी घेऊन त्या खाली गेल्या.

गाडी नीट केल्यामुळे गाडी जाते आहे, हे मला हळूहळू उमगत होतं. नवऱ्यानं एक शब्द मला दिला होता आणि एक बहिणीच्या नवऱ्याला. त्याच्या तराजूत कुठला शब्द खाली जाईल, हे सांगायला माझ्या शिक्षणाची गरज नव्हती. मी एक शेवटचा उपाय शोधत होते, तेवढ्यात भावजींनी तो माझ्यापुढे ठेवला.

"वहिनी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. खरं सांगा, गाडी कशी आहे?"

'बरी आहे' म्हणता आलं असतं. 'जुनी आहे हो शेवटी' म्हणता आलं असतं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी चाकं दोन-दोनदा तपासली होती.

"उत्तम आहे," मी म्हणाले.

नवऱ्यानं सुस्कारा सोडला. मी चहा ठेवायला आत गेले. थोड्या वेळानं सासूबाई परत आल्या आणि ओट्यापाशी येऊन उलथनं धुवायला लागल्या. आज काही परतलेलं नव्हतं. पण स्वतःच्या साक्षीनं स्वतःचा खटला हरलेल्या माणसाचं उलथन्याकडे लक्ष नसतं.

चहा झाल्यावर चौघं निघालो. भावजी चालवायला बसले, नवरा त्यांच्या शेजारी, आम्ही दोघी मागं. नवरा चालवत असला, की सासूबाई नेहमी मागं असतात. फक्त बुधवारी त्या पुढं बसतात, काच खाली करून, मांडीवर पर्स घेऊन, आणि हमरस्ता आला की म्हणतात, "जरा जाऊ दे की जोरात."

हमरस्ता आला. भावजींनी गाडी सोडली. साठ, सत्तर. "छान आहे," ते म्हणाले. पंचाहत्तर. मी खिडकीबाहेर बघत होते, म्हणून मला आधी आवाज कळला: दाराच्या कप्प्यातली नाणी किणकिणायला लागली होती. ऐंशी. भावजींचे हात, मनगटं, घड्याळ, सगळं एकदम थरथरायला लागलं. आरशात मागच्या ट्रकचे दोन ट्रक झाले.

"हे काय?" भावजी म्हणाले.

"अरे, काल तर..." नवरा म्हणाला.

"ही लोण्यासारखी? वहिनी, हे लोणी?"

मी पुढं झुकले. हे शक्य नव्हतं. स्वच्छ चाक, दोनदा मोजलेलं. एका दिवसात शून्याचं इतकं होत नाही, मुद्दाम कुणी... मी तोंड उघडलं आणि माझ्या हातावर सासूबाईंचा हात आला. त्यांनी रुमालाची गाठ सोडून माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. चपटे, राखाडी, थंडगार. बाहेरच्या बाजूचे. पुढच्या डाव्या चाकाचे असणार.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

भावजींनी वेग कमी केला. थरथर थांबली आणि भाषण सुरू झालं. जुन्या गाडीला कितीही शेंदूर फासा; हे असले टायरवाले शिकलेल्या बायकांना बरोबर ओळखतात; चार शिशाचे तुकडे चिकटवून कुठं गाडी सुधारते का; त्यांच्या ओळखीत एकानं हे केलं होतं, गाडी आणखी बिघडली. पोरीच्या हातात असली गाडी देणं म्हणजे पाप. नवरा मान हलवत होता. मला माझ्या संपूर्ण कारकिर्दीचे पुरावे तळहातात टोचत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी ते मनात व्यवस्थित, कर्ता-कर्म-क्रियापदासकट रचलंही.

"बॅलन्सिंग वगैरे सगळं थोतांड असतं," भावजींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "काय वहिनी?"

मी मूठ मिटली.

"असेल," मी म्हणाले.

भावजी फळांची पिशवी ठेवून, पण जरा घुश्शातच, रिक्षानं गेले. संध्याकाळी नवरा म्हणाला, आता ठेव बाई तुझी ही, कोण घेणार. तो मला धीर देत होता.

बुधवारी बहिणीकडे जाताना सासूबाई पुढं बसल्या. वाटेत मी गाडी टायरवाल्यापुढं उभी केली. "आई," मी विचारलं, "जावईबापूंना सरळ नाही म्हणाला असतात तर?"

"जावयाला नाही म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "गाडीनं म्हटलं तर चालतं."

टायरवाला टायरांवरून उतरून आला, डाव्या चाकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मूठ उघडून तुकडे त्याच्यापुढं धरले. तो काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी काच खाली केली.

"या वेळी जरा घट्ट चिकटव रे," त्या म्हणाल्या. "नुसतं उलथनं लावलं तरी निघतात."